पत्र्याला भोकं, पंचनामा शिवाराचा : आपल्या छपराचा वाली कोण?

मंडळी, पोस्ट लांब आहे. निवांत वाचा, पण शेवटपर्यंत वाचा. कारण शेवटी जो हिशेब आहे तो तुमच्या घराचा आहे.

गारपीट झाली की दुसऱ्या दिवशी गावात दोन प्रकारची माणसं दिसतात. एक शिवाराकडे निघालेली, दुसरी छपरावर चढलेली. शिवाराकडे निघालेल्याच्या मागे तलाठी जातो (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं), कृषी सहायक जातो, पीक विम्याचा माणूस जातो, आणि निवडणूक जवळ असेल तर पुढारीही चिखल तुडवत जातो. छपरावर चढलेल्याच्या मागे कोण असतं? खाली शिडी धरून उभं असलेलं त्याचं पोरगं. बस्स.

गंमत अशी की ही दोन माणसं बऱ्याचदा एकच असतात. सकाळी शिवारात, दुपारी छपरावर. पीक त्याचंच, पत्राही त्याचाच. पण एका नुकसानीला नाव आहे, फॉर्म आहे, दर आहे, विमा आहे. दुसऱ्याला फक्त ताडपत्री.

असं का झालं, हा प्रश्न मला बरीच वर्षं छळतोय. मी औसा तालुक्यातला. जुन्या घरांची माहिती गोळा करायचा नाद आहे, त्यातून जे जुळत गेलं ते इथे मांडतो.

*माळवद : गारेला न घाबरणारं छप्पर*

आपल्या मराठवाड्यात जुनं घर म्हणजे माळवदाचं. लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर फळ्या नाहीतर किलच्या, आणि वर हात-दीड हात जाडीचा मातीचा थर. घर किती मोठं हे चौरस फुटात सांगत नव्हते, खणांत सांगायचे. पाच खणांचं घर, नऊ खणांचं घर.

या छपराला गार म्हणजे काहीच नाही. लिंबाएवढी पडू द्या नाहीतर आंब्याएवढी, मातीत रुतणार, विरघळणार, संपलं. माळवदाचा शत्रू वेगळा होता. एक म्हणजे गळती, आणि दुसरं म्हणजे वजन. दर उन्हाळ्यात वर चोपण माती टाकायची, चोपून बसवायची, त्याआधी उगवलेलं गवत उपटायचं. म्हणजे छपराची दुरुस्ती हे घरातलंच काम होतं. माती गावची, हात घरचे. रोख पैसा जवळजवळ लागत नव्हता.

पश्चिम महाराष्ट्रात आणि कोकणात कौलं होती. आधी कुंभाराची नळीची कौलं. पावसाळ्याआधी घर शाकारायचं, फुटलेली कौलं बदलायची, सरकलेली सारखी करायची. मग मंगलोरी कौल आलं. बासेल मिशनने १८६५ मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि ते चपटं, खाचेत खाच बसणारं कौल समुद्रमार्गे किनाऱ्यावर पसरलं. गारेने कौल फुटतं, हे खरं. पण फुटतं ते एकेकटं. दहा फुटली तर दहा बदला. बाकीचं छप्पर शाबूत.

आता ही गोष्ट नीट ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं यावर उभं आहे. जुन्या छपराची जोखीम गावातच वाटली गेलेली होती. कुंभाराला बलुतं मिळायचं, सुताराला बलुतं मिळायचं, शाकारायला भावकी यायची. ती व्यवस्था काही आदर्श नव्हती. कोणाच्या छपराला आधी हात लागायचा आणि कोणाच्या शेवटी, हे जातीवर ठरायचं, आणि गावकुसाबाहेरच्या झोपडीवरचं गवत उडालं तर बघायला कोणी येत नव्हतं. पण ज्यांना ती लाभत होती त्यांच्यासाठी तो एक प्रकारचा विमाच होता. हप्ता धान्यात, भरपाई मेहनतीत.

*पत्रा आला*

नळीदार लोखंडी पत्र्याचं पेटंट लंडनमध्ये १८२९ साली हेन्री रॉबिन्सन पामर नावाच्या इंजिनिअरने घेतलं. गोदीतल्या गोदामांवर घालायला हलकं आणि लांब छप्पर हवं होतं, त्यातून ही कल्पना निघाली. पुढे त्यावर जस्ताचा मुलामा द्यायची रीत आली आणि गंज लांबला. गोदाम, रेल्वे, छावणी, गिरणी असं करत पत्रा हिंदुस्थानात आला आणि हळूहळू खेड्यात उतरला. त्याच्या जोडीला सिमेंटचा पत्रा.

पत्र्याची सोय कोण नाकारेल? एका दिवसात छप्पर उभं. खाली जाड तुळई लागत नाही, चार अँगल आणि पाइप पुरतात. दरवर्षी शाकारणं नाही, माती चोपणं नाही. पण एक बदल गुपचूप झाला. छप्पर गावातून उठलं आणि बाजारात गेलं. पत्रा कुंभार करत नाही, भावकी करत नाही. तो दुकानातून रोखीने आणायचा. हूक, वायसर, वाहतूक, वेल्डिंग, मिस्त्रीची मजुरी, सगळं रोखीनं.

आणि गारेच्या बाबतीत पत्रा कौलासारखा नाही. नव्या जाड पत्र्याला खळगे पडतात. जुना, पातळ, गंजाने खाल्लेला पत्रा चाळणी होतो. सिमेंटचा पत्रा तर ताटासारखा तडकतो. भोक बारीक असलं तरी पत्रा अख्खा बदलावा लागतो, कारण डांबर आणि एम-सीलचं ठिगळ एखादा पावसाळा निघतं, दुसरा नाही.

*किल्लारीने छप्पर बदललं*

आमच्या भागात हा बदल हळूहळू झाला नाही, एका पहाटेत झाला. ३० सप्टेंबर १९९३. पहाटे चारच्या सुमारास, गणपती विसर्जनाच्या दमणुकीत लोक झोपलेले होते. किल्लारी, सास्तूर आणि आजूबाजूच्या गावांत हजारो माणसं गेली. दगडमातीच्या जाड भिंती ढासळल्या आणि माळवदाचं ओझं त्यावर आलं. नंतर पाहणी करणाऱ्यांनी भिंतींच्या बांधणीलाही तितकाच दोष दिला, लाकडी खांबांचा सांगाडा काही ठिकाणी तगून राहिला हेही नोंदवलं. पण ज्याने आपल्या माणसाला मातीखालून काढलं, त्याला हे सांगून काय उपयोग? त्याच्या मनात एकच बसलं : डोक्यावर माती नको.

जागतिक बँकेच्या कर्जातून पुनर्वसन झालं. सर्वाधिक उद्ध्वस्त झालेली ५२ गावं नव्या जागी वसवली गेली. जमिनीच्या हिशेबाने २५०, ४५० आणि ७५० चौरस फुटांची घरं मिळाली. त्याशिवाय लाखाहून अधिक घरांना जागच्या जागी दुरुस्तीसाठी मदत मिळाली. ज्यांना स्लॅब परवडला त्यांनी स्लॅब टाकला. ज्यांना नाही, त्यांनी माळवद उतरवून पत्रा घातला. माळवदाचं सागवान काही घरांनी विकलंही.

तो निर्णय बरोबर होता, याबद्दल माझ्या मनात शंका नाही. भूकंपात पत्रा जीव घेत नाही. पण एक धोका गेला तेव्हा दुसरा दाराशी आला. माती गारेला गिळत होती, पत्रा गार अंगावर घेतो. आपण जोखमीची जात बदलली, पण ती पेलायची व्यवस्था कोणी बदलली नाही.

*सरकारला शिवार का दिसतं, छप्पर का दिसत नाही?*

इथे कुणा अधिकाऱ्याला शिव्या घालून भागणार नाही. याचं मूळ जुनं आहे.

इंग्रजी अमलात मुंबई इलाख्यात रयतवारी पाहणी बसली. १८३६ मध्ये इंदापुरापासून गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी ती पद्धत घडवली. शेत मोजायचं, प्रत ठरवायची, सारा आकारायचा. सरकारचं उत्पन्न पिकातून येणार, म्हणून पीक बुडालं की सरकारला कळायलाच हवं. त्यातून आणेवारी आली. सोळा आण्यांपैकी किती आणे पीक आलं, त्यावर सारा तहकूब करायचा की सूट द्यायची हे ठरायचं. १८८० च्या दुष्काळ आयोगानंतर दुष्काळ संहिता आल्या. १८८३ आणि १८८४ च्या कायद्यांनी तगाईची कर्जं दिली : विहिरीला, बांधबंदिस्तीला, बियाणाला, बैलाला.

यात छप्पर कुठे आहे? नाही. कारण छपरातून सारा येत नव्हता. ज्यातून महसूल येत नाही त्याच्या नुकसानीचं कोष्टक कोण करणार?

पुढे आणे गेले, पैसे आले, आणेवारीची पैसेवारी झाली. ५० पैशांची रेघ आजही आपल्याला पाठ आहे. राज्य बदललं, झेंडा बदलला, पण नजर तीच राहिली. आपत्ती म्हटलं की आपल्या तोंडी आजही पहिला शब्द येतो हेक्टर.

२०१४ आठवा. फेब्रुवारीच्या शेवटापासून मार्चच्या मध्यापर्यंत मराठवाडा, विदर्भ, उत्तर महाराष्ट्रात गारांनी झोडपलं. गहू, हरभरा, ज्वारी, द्राक्षं, डाळिंब. ५ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली होती, तिच्यातून वाट काढत राज्य सरकारने ४,००० कोटींचं पॅकेज जाहीर केलं. त्या महिन्यात आमच्या चौकात जी चर्चा चालायची ती जिरायत किती, बागायत किती, फळबाग किती हीच. छपराबद्दल विचारलं तर उत्तर मिळायचं, "त्याचंबी लिवून घेतलंय की." लिहून घेतलं होतं, हे खरं. प्रश्न किती मिळतं हा आहे.

*लिहून घेतलं, मग मिळतं किती?*

१९९० नंतर नवव्या वित्त आयोगाच्या शिफारशीने आपत्तीसाठी कायमचा निधी आला. २००५ मध्ये आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्याखाली राज्य आपत्ती प्रतिसाद निधी आहे, ज्याला आपण एसडीआरएफ म्हणतो. आपल्यासारख्या राज्यात त्यात केंद्राचा वाटा ७५ टक्के, राज्याचा २५. त्याच्या यादीत गारपीट आहे. म्हणजे कागदावर गार ही आपत्ती आहे, यात वाद नाही.

२०२२-२३ ते २०२५-२६ या काळासाठी ठरलेले दर पाहा :

सपाटीवर घर पूर्ण पडलं किंवा राहण्याजोगं उरलं नाही : १,२०,००० रुपये.
पक्क्या घराचं अंशतः नुकसान, किमान १५ टक्के : ६,५०० रुपये.
कच्च्या घराचं अंशतः नुकसान, किमान १५ टक्के : ४,००० रुपये.
झोपडी : ८,००० रुपये.
घराला जोडून असलेला गोठा : ३,००० रुपये.

याच्या शेजारी पिकाचे दर ठेवा. जिरायतीला हेक्टरी ८,५००, बागायतीला १७,०००, बहुवार्षिक पिकाला २२,५००, मर्यादा दोन हेक्टरची. पिकाचे दर पुरेसे आहेत असं मी म्हणत नाही. एकरी खर्च काढला तर तेही तुटपुंजेच. पण तिथे निदान माप आहे. जितकं क्षेत्र, तितकी रक्कम. छपराला माप नाही. पाच पत्रे गेले काय आणि पंचवीस गेले काय, भिंती उभ्या आहेत ना? मग बहुतेक वेळा शेरा पडतो "अंशतः", आणि रक्कम तीच.

आता हिशेब करू. घर वीस बाय पंचवीसचं, म्हणजे ५०० चौरस फूट. उतार आणि बाहेर काढलेली पत्र्याची झड धरून छप्पर ६०० चौरस फूट. पत्र्याचा भाव हिशेबापुरता चौरस फुटाला ४५ रुपये धरा, तुमच्या गावचा असेल तो घाला. झाले २७,०००. हूक, वाहतूक, जुना पत्रा उतरवणं, नवा चढवणं, मजुरी मिळून ८,००० धरा. एकूण ३५,०००. अँगल जुनेच वापरले असं समजून हा आकडा आहे, ते बदलायचे तर गोष्टच वेगळी.

३५,००० खर्च, हातात ६,५००. पाचव्या हिश्श्याहूनही कमी. बाकीचे २८,५०० कुठून? बचत गटातून, सोनं गहाण टाकून, नाहीतर उसाच्या उचलीतून. ज्याला यातलं काहीच जमत नाही तो भोकांत डांबर भरतो आणि जून महिन्यात घरभर पातेली मांडतो.

हेही सांगायला हवं की राज्य सरकार कधी कधी स्वतंत्र निर्णय काढून वाढीव रक्कम देतं. त्यामुळे तुमच्याकडे नुकसान होईल तेव्हा त्या वेळचा शासन निर्णय बघा, दोन वर्षांपूर्वीचा व्हॉट्सअ‍ॅप मेसेज नको.

*विमा कुठे होता?*

छपराच्या विम्याचा विचार सरकारने कधी केलाच नाही, असं नाही. केला, पण अर्धवट.

१९८८ साली केंद्राने ग्रामीण गरिबांसाठी झोपडी विमा योजना काढली. हप्ता सरकार भरणार. झोपडीसाठी १,००० रुपये, आतल्या सामानासाठी ५०० रुपये. पण कशासाठी? आगीसाठी. वरून पडणारी गार, उडवून नेणारं वादळ, हे त्यात नाही. विमा हा धंदाच आगीच्या विम्यातून वाढलेला. घराच्या पॉलिसीला जुनी माणसं आजही "फायर पॉलिसी" म्हणतात ते उगाच नाही. वादळ-पुराचा धोका त्या पॉलिसीत पुढे आला, पण तो वगळून हप्ता कमी करायची सोयही होती. हप्ता कमी म्हटलं की आपण खूश, काय वगळलं ते कोण वाचतो?

१९७३ मध्ये सर्वसाधारण विमा सरकारी झाला, १०७ कंपन्या चार कंपन्यांत गोळा केल्या गेल्या. चांगली संधी होती. गाडीचा विमा सक्तीचा होता म्हणून तो घराघरांत गेला, पुढे पीक विमा कर्जाच्या मागोमाग खेड्यात आला. घराचा विमा मात्र शहरातल्या गृहकर्जाच्या फाइलमध्येच राहिला.

२०१६ मध्ये दोन योजना एकदम आल्या. एक प्रधानमंत्री पीक विमा योजना, जी सगळ्यांना माहीत आहे. गारपीट त्यात स्थानिक आपत्ती म्हणून धरली होती, ७२ तासांत कळवायचं असायचं, हेही पोराटोरांना पाठ झालं होतं. दुसरी मात्र फार कमी लोकांना आठवते. एकत्रित पॅकेज विमा योजना. देशातल्या ४५ जिल्ह्यांत प्रायोगिक. पिकाबरोबर शेतकऱ्याचं घर, घरातलं सामान, पंपसेट, ट्रॅक्टर, अपघात, सगळं एका अर्जात. कल्पना नेमकी हवी तीच होती : जो माणूस शिवारात असतो तोच छपरावर असतो, हे ओळखणारी. पहिली योजना देशभर गेली. दुसरी प्रयोगाच्या पुढे काही गेली नाही. आज पीक विम्याचा अर्ज भरताना तुम्हाला कोणी विचारतं का, "घराचं काय?"

१ एप्रिल २०२१ पासून विमा नियामकाने सगळ्या सर्वसाधारण विमा कंपन्यांना एक ठरावीक घर विमा विकणं बंधनकारक केलं. नाव भारत गृह रक्षा. ही पॉलिसी जुन्यांपेक्षा बरी आहे, दोन कारणांनी. एक, वादळ, पूर, भूकंप, वीज हे मूळ पॉलिसीतच आहेत. दुसरं, कमी रकमेचा विमा काढला म्हणून दाव्याला कात्री लागत नाही. पूर्वी कसं होतं? घर आठ लाखांचं आणि विमा चार लाखांचा असेल तर चाळीस हजारांच्या नुकसानीलाही वीसच हजार मिळायचे, कारण "तुम्ही अर्धाच विमा काढला होता". ते या पॉलिसीत काढून टाकलं. विम्याच्या रकमेच्या आत असेल तर दुरुस्तीचा वाजवी खर्च मिळायला हवा.

साध्या घरासाठी तिचा हप्ता अनेकदा वर्षभराच्या मोबाईल रिचार्जपेक्षा कमी बसतो. तरी गावात ती किती जणांकडे आहे? मी आमच्या गल्लीत विचारलं. एकाकडे निघाली, तीही त्याला माहीत नव्हती. गृहकर्ज देताना बँकेने पॉलिसी काढली होती, हप्ता कर्जात घातला होता, कागद बँकेतच. मध्ये एकदा गारांनी पत्रे फुटले, त्याने पदरचे पैसे घालून बदलले. कर्ज फिटल्यावर फाइल परत मिळाली तेव्हा त्यात पॉलिसी सापडली. मुदत संपून गेलेली. हप्ता त्यानेच भरला, छप्परही त्यानेच घातलं.

*विमा म्हणजे जादू नाही*

आता दुसरी बाजू. विमा असला की झालं, असं समजू नका. ज्या शहरात घर विमा सर्रास असतो तिथे काय होतं ते सिडनीने दाखवलं. १४ एप्रिल १९९९ ला ऑस्ट्रेलियातल्या त्या शहरावर गारा पडल्या, काही ९ सेंटिमीटरच्या. विमा कंपन्यांना १.७ अब्ज ऑस्ट्रेलियन डॉलर मोजावे लागले. पैसा होता, तरी हजारो घरांवर कित्येक महिने ताडपत्र्या होत्या. कारण एवढी कौलं नव्हती, एवढे मिस्त्री नव्हते.

आपल्याकडेही तेच, आकार लहान. गारपिटीच्या आठवड्यात पत्र्याचा भाव चढतो आणि मिस्त्री फोन उचलत नाही. म्हणून सरकारी मदत असो की विमा, ती सहा महिन्यांनी आली तर तिची किंमत निम्मी झालेली असते. छपराची भरपाई पावसाळ्याआधी मिळाली तरच ती भरपाई.

*मग करायचं काय?*

पहिलं, घरचं काम. ग्रामपंचायतीचा नमुना ८ चा उतारा काढून ठेवा. त्यात तुमच्या बांधकामाचा प्रकार लिहिलेला असतो. बघा, घरपट्टी लावताना ग्रामपंचायतीला छप्पर बरोबर दिसतं! विमा काढताना छत कशाचं आहे ते खरं लिहा. पत्रा असेल तर पत्रा. गारपीट वादळाच्या कलमात धरली जाते का, हे कंपनीकडून लेखी विचारून घ्या. गोठा आणि शेड त्यात आहे का, तेही विचारा. गृहकर्ज असेल तर बँकेकडून पॉलिसीची प्रत मागा, ती तुमची आहे.

दुसरं, गार पडल्यावर. पत्रा काढण्याआधी फोटो, आतून आणि बाहेरून. गार विरघळायच्या आत नाण्याशेजारी ठेवून एक फोटो. हे हसण्यावारी नेऊ नका. मंडळात बसवलेली महावेधची केंद्रं पाऊस, तापमान, आर्द्रता, वारा मोजतात, गार मोजत नाहीत. आणि गारेचा पट्टा असा चिंचोळा असतो की एका वाडीत कहर आणि शेजारच्या वाडीत थेंब. तुमचा फोटो हाच तुमचा पुरावा. तलाठ्याला लेखी अर्ज, कंपनीला त्याच दिवशी फोन आणि ईमेल. फुटके पत्रे सर्व्हेअर बघेपर्यंत भंगारात घालू नका. जुना गंज आणि झीज यांचा दावा कंपनी मानत नाही, म्हणून पावसाळ्याआधीचा चांगल्या छपराचा एखादा फोटो मोबाईलमध्ये असू द्या. दावा नाकारला तर विमा लोकपालाकडे जाता येतं. फी नाही, वकील लागत नाही, आपल्या भागासाठी पुण्यात कार्यालय आहे.

तिसरं, सगळ्यात महत्त्वाचं, गावाचं काम. येत्या ग्रामसभेत दोन ठराव घ्या. एक, छपराचं नुकसान "अंशतः" या एका शब्दात न गुंडाळता पत्र्यांच्या संख्येने किंवा चौरस फुटांनी मोजावं. पिकाला जसं हेक्टर, तसं छपराला फूट. दोन, पीक विम्याच्या अर्जातच घर विम्याचा ऐच्छिक रकाना असावा. २०१६ ला ही गोष्ट सरकारनेच करून पाहिली होती, म्हणजे अशक्य नाही. ठरावाने लगेच काही होत नाही, मला माहीत आहे. पण आणेवारीचं कोष्टकही आकाशातून पडलं नव्हतं. कुणीतरी सांगितलं की हे मोजायला हवं, मग ते मोजलं जाऊ लागलं.

सरकारने सारा हवा होता म्हणून पीक मोजायला शिकून घेतलं. आपल्याला छप्पर हवंय, तर ते मोजायला आपणच शिकवावं लागेल.

तुमच्या गावात गेल्या गारपिटीत छपराचे किती मिळाले आणि नवे पत्रे घालायला किती लागले, हे दोन आकडे कमेंटमध्ये तालुक्याच्या नावासह लिहा. नाव नको, आकडे पुरेत. शंभर गावांचे जमले तर त्याचं निवेदन करून तहसीलला देऊ. आणि ही पोस्ट ज्यांच्या घरावर पत्रा आहे त्यांच्यापर्यंत जाऊ द्या.